‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी

संगणक अडला की आपल्याकडे दोनच निदाने ऐकू येतात. ऑनलाइन काम अडले असेल तर ‘सर्व्हर डाऊन आहे’, आणि घरातले यंत्र स्वतःच कुरकुरत असेल तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’. पहिल्या निदानात दोष दूर कुठल्यातरी अदृश्य खोलीत ढकलला जातो, दुसऱ्यात तो घरच्या सगळ्या फायलींसकट पुसला जातो. दोन्हींची सोय एकच: बिघाड नेमका कुठे होता हे कोणालाही शोधावे लागत नाही. बिघाड शोधणे हे संगणक चालवण्याइतकेच प्राथमिक शिक्षण आहे आणि ते महागड्या उपकरणांवाचून देता येते, असे माझे म्हणणे आहे. कोरपन्यासारख्या तालुक्यात ते न दिल्याची किंमत शहरापेक्षा कितीतरी जास्त पडते.

कोरपना म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे तेलंगणाला टेकलेले टोक. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा ही सिमेंटची गावे याच तालुक्यातली; बाकी कापूस-सोयाबीनची शेती, आणि जिवतीच्या डोंगराकडे कोलाम-गोंडांचे गुडे. संगणकाचा एखादा सुटा भाग गडचांदुरात मिळाला तर मिळाला, नाहीतर राजुऱ्यावरून चंद्रपूर गाठायचे किंवा पैनगंगा ओलांडून वणी. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडतो, तेव्हा चंद्रपूरही नाही. अशा ठिकाणी घरात संगणक असतात तरी किती, असा प्रश्न कोणी विचारेल, आणि तो रास्त आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. शहरांत हेच प्रमाण २३.४ टक्के होते. पण या आकड्याचा अर्थ ‘मग कशाला चिंता’ असा होत नाही, उलटा होतो. शहरात एका घरातले यंत्र बसले तर त्या घराचे काम अडते. गावात एका शिक्षकाच्या घरातले किंवा एका आपले सरकार सेवा केंद्रातले यंत्र बसले तर शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला असे अख्ख्या वस्तीचे काम अडते. मजुरी बुडवून आलेला माणूस ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून परत जातो आणि उद्या पुन्हा मजुरी बुडवतो.

त्या वाक्याची परीक्षा एका क्षुल्लक वस्तूवर घेऊन पाहू. डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते: तीन व्होल्टची, सीआर २०३२ या क्रमांकाची, साध्या दुकानातही मिळणारी. यंत्राचा वीजपुरवठा तुटला की घड्याळ चालू ठेवणे हे तिचे मुख्य काम. आपल्याकडे वीज कडाडली, व्होल्टेज हेलकावू लागले की बोर्डावरचे बटण बंद करून पिन काढून ठेवण्याची सवय आहे. सवय शहाणपणाची आहे, पण त्या काळात घड्याळाचा सगळा भार त्या चिमुकल्या बॅटरीवर पडतो. काही वर्षांनी ती संपते आणि सकाळी संगणक सुरू होतो तो कित्येक वर्षे मागची तारीख घेऊन. आता गंमत सुरू होते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे स्वतःची ओळख पटवणारे एक डिजिटल प्रमाणपत्र असते आणि त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असे नोंदलेले असते. मागच्या दशकात वावरणाऱ्या संगणकाला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. ब्राउझर घाबरून लाल त्रिकोण दाखवतो आणि जोडणी सुरक्षित नसल्याचे इंग्रजीत सांगतो. बोटांचे ठसे घेणारे यंत्रही अडते. आधार प्रणाली ठशासोबत आलेली वेळ तपासते. ती फार जुनी असली तर ५६१ आणि पुढची असली तर ५६२ अशा क्रमांकाच्या त्रुटी तिच्या यादीत मुद्दाम ठेवलेल्या आहेत. म्हणजे प्रणाली नेमके कारण सांगत असते. समोरचा मात्र ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून खिडकी बंद करतो.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. तेच संकेतस्थळ त्याच इंटरनेटवर मोबाइलमध्ये उघडते का, हा पहिला प्रश्न. उघडत असेल तर सर्व्हरही जागेवर आहे आणि लाइनही. दोष समोरच्या यंत्रात आहे. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख कोणती, हा दुसरा. बस्स. तारीख हाताने दुरुस्त केली की काम लगेच सुरू होते. विंडोज इंटरनेटवरून आपोआप वेळ जुळवून घेते हे खरे, पण तफावत फार मोठी असली तर ते जुळवणे नाकारते, म्हणून हा हात लागतोच. मग सवडीने बॅटरी बदलायची. ती न बदलता रोज सकाळी तारीख दुरुस्त करणारेही असतात. त्यांना लक्षण कळलेले असते, कारण नाही.

दुसरे उदाहरण इथल्या हवेचे. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान साधारण ३५ अंश असे छापलेले असते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७-४८ला जातो, टिनाच्या छपराखाली खोली संध्याकाळपर्यंत तापलेली राहते. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने आपण ही यंत्रे त्यांच्या निर्मात्यानेच नाकारलेल्या हवेत चालवतो. त्यात चुनखडी, सिमेंट आणि कोळशाची धूळ. आणि विदर्भातल्या माणसाला उन्हाळ्यात कूलरवाचून गत्यंतर नाही, तेव्हा संगणकही कूलरच्याच झोतात ठेवला जातो. त्याने माणसाला गार वाटते. संगणकाच्या पंख्यावर मात्र ओलसर हवेतली धूळ लेपासारखी बसत जाते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःहून मंदावतो आणि तरीही ताप उतरला नाही तर यंत्र झटकन बंद करतो. तो स्वसंरक्षणाचा भाग आहे. यूपीएसच्या बॅटरीचे दुखणे वेगळे: शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. थंड खोलीत तीन-चार वर्षे टिकणारी बॅटरी इथे दीड-दोन वर्षांत मान टाकते, आणि यूपीएसचा हिरवा दिवा लागलेला असूनही लाइन गेली की त्याच क्षणी संगणक जातो.

आता ‘संगणक मधेच बंद पडतो’ ही एकच तक्रार घेऊन कोणी दुकानात गेला, तर कारागिराने काय समजावे? ताप, वीज आणि मेमरी, तिघांचाही संशय येतो. पण तिघांच्या वागण्यात फरक आहे. सकाळी धड चालणारे आणि दुपारी वीस मिनिटांत बंद पडणारे यंत्र तापाने पीडित असते. कूलरची मोटर किंवा मिक्सर सुरू होताच बंद पडणारे यंत्र विजेच्या झटक्याने पडते. बंद पडून पुन्हा सुरू करताना पडदा काळाच राहून नुसते बीप-बीप वाजत असेल तर बहुधा रॅमची पट्टी सैल किंवा मळलेली असते. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवून ती परत घट्ट बसवणे हा कारागिरांचा जुना, आणि बऱ्याचदा लागू पडणारा इलाज आहे. विंडोज स्वतःही एक नोंदवही ठेवते, इव्हेंट व्ह्यूअर नावाची. यंत्र असे मधेच बंद पडले की तिच्यात ४१ क्रमांकाची नोंद सापडते. पुष्कळांना ती पाहून हायसे वाटते, पण ती एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ते का बंद पडले, हे तिलाही ठाऊक नसते. ते ठाऊक असते तिथे बसलेल्या माणसाला, त्याने लक्ष दिले असेल तर.

हे लक्ष देणे आपल्याला नवे नाही. शेतावरचा मोटरपंप उचलत नसेल तर शेतकरी काय करतो? तो आधी तीनही फेज आल्या आहेत का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मोटर फिरते पण पाणी येत नाही असे दिसले तर फुटव्हॉल्व्ह. स्वस्त आणि जवळचे आधी, महाग आणि लांबचे नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा चालवून पाहायची. सगळा पंप उपसून फेकून नवा बसवा, असे तिथे कोणी पहिल्याच दिवशी म्हणत नाही. बिघाडशोधनाची संपूर्ण पद्धत एवढीच आहे, आणि ती कोरपन्याच्या कुठल्याही शिवारात रोज वापरली जाते. संगणकासमोर बसताच तोच माणूस ती विसरतो, कारण समोर इंग्रजी असते, भीती असते, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे त्याला शिकवले गेलेले असते.

फॉरमॅटची कथा याहून वाईट. मराठी टंकलेखन करणाऱ्या हजारो घरांत आणि कचेऱ्यांत अजून कृतिदेव किंवा त्या जातीचे जुने फॉन्ट आहेत. या फॉन्टमध्ये अक्षर साठवले जाते इंग्रजी कळीचे आणि फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. पाहणारा म्हणतो, व्हायरस आला. कारागीर म्हणतो, फॉरमॅट मारू. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसली जाते, आणि बहुतेकांच्या फायली डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्येच असतात. त्या जातात. फॉन्टही त्याच ड्राइव्हवर राहतात, त्यामुळे पूर्वी जे काही मराठीत दिसत होते तेही आता दिसेनासे होते. डी ड्राइव्हवर सुदैवाने वाचलेल्या फायली अक्षरांचा गोंधळ होऊन समोर येतात आणि ‘व्हायरस किती पसरला होता पहा’ याचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. फॉन्टची एक फाइल टाकली असती तर दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असता तर कायमचा मिटला असता. शिवाय फॉरमॅटनंतर जी विंडोज बसते ती पुष्कळदा परवान्याविना आणि अपडेट बंद करून दिलेली असते. मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूवरचा उतारा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावून घेतला नव्हता, त्यांना फटका बसला.

फॉरमॅट कधीच करू नये असे मी म्हणत नाही. यंत्र खरोखर विषाणूने पोखरले असेल तर तोच स्वच्छ मार्ग आहे. पण तो शेवटचा उपाय, आणि फायलींची प्रत काढल्यानंतरचा. १९ जुलै २०२४चा दिवस यासाठी आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फायलीमुळे त्या दिवशी जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. विमानतळ अडले, आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे, ठरावीक फोल्डरमधली एक विशिष्ट फाइल काढून टाकायची, पुन्हा सुरू करायचे. इतक्या मोठ्या संकटातही कोणी ८५ लाख यंत्रे पुसायला सांगितले नाही, कारण बिघाड कुठे आहे हे शोधलेले होते. सेफ मोड हा काही गुप्त दरवाजा नाही, प्रत्येक घरच्या विंडोजमध्ये तो आहे. आपल्याकडे किती पदवीधरांनी तो एकदा तरी उघडून पाहिला असेल, हा प्रश्न महाविद्यालयांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो कामाच्या वाटणीचा. प्रत्येकाने कारागीर का व्हावे, आणि त्या कारागिराच्या पोटाचे काय? कोणी कारागीर होण्याची गरज नाही, हे याचे उत्तर. संगणकाचा पॉवर सप्लाय तर घरी कोणी उघडूच नये. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो. फुगलेल्या लॅपटॉप बॅटरीला हात लावू नये. मागणी इतकीच की दुकानात जाताना ‘चालत नाही’ऐवजी ‘दुपारी वीस मिनिटांनी बंद पडतो, सकाळी नाही’ असे सांगता यावे. चांगल्या कारागिराचा यात फायदाच आहे. त्याचा अर्धा वेळ ग्राहकाने न सांगितलेले शोधण्यात जातो. ज्याला फक्त फॉरमॅटच येते त्याचे गिऱ्हाईक तुटेल, हे मान्य, आणि ते तुटावे. याहून गंभीर धोका दुसऱ्या टोकाला आहे. ज्याला आपल्या यंत्राचे काही कळत नाही तो पडद्यावर अचानक उगवलेल्या ‘तुमचा संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ या पाटीवर विश्वास ठेवतो, फोनवरचा गोड आवाज सांगेल ते ॲप उतरवतो आणि आपला पडदा परक्याच्या हाती देतो. एनीडेस्कसारख्या ॲपमधून होणाऱ्या अशा लुटीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केले होते. फसल्यावर तक्रारीसाठी १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे. पण ब्राउझरमध्ये उगवलेली पाटी हे एक पान असते, संगणकाने दिलेला निकाल नसतो, आणि ते बंद करता येते, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या क्रमांकाची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की झाले. विचारावे, जरूर विचारावे. मराठीतही उत्तर मिळते. पण ‘संगणक बंद पडतो’ असे विचारले तर तीही दहा कारणे सांगणार, कारण खरोखरच दहा कारणे असतात. त्यातले आपले कोणते, हे ठरवायला यंत्रासमोर बसून एकेक काढून टाकावे लागते. आणि इंटरनेटच गेलेले असेल तेव्हा राउटरचा कोणता दिवा लाल आहे, हे आपल्यालाच पाहावे लागणार. भाषेचा अडसर मात्र खरा आहे, तो मी हलक्यात काढत नाही. कोलामी किंवा गोंडी घरातल्या मुलीची मराठी ही शाळेत आलेली दुसरी भाषा, आणि पडद्यावरचा संदेश तिसऱ्या भाषेत. न वाचता ‘ओके’ दाबणे ही त्या परिस्थितीतली अगदी तर्कशुद्ध कृती आहे. पण या संदेशांची संख्या अफाट नाही. घरगुती वापरात पुन्हा पुन्हा दिसणारे शंभर-दीडशे असतील. डिस्क भरली, प्रिंटर जोडलेला नाही, फाइल दुसरीकडे उघडी आहे, तारीख चुकली: यांची सोप्या मराठीतली पुस्तिका करणे पुण्यात सी-डॅकसारखी संस्था १९८८पासून असलेल्या राज्याला जड नाही. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तिच्या गोंडी-कोलामी प्रती केल्या तर आणखी चांगले.

मुख्य दुरुस्ती अभ्यासक्रमात हवी. २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम राज्याच्या कानाकोपऱ्यात पोचला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागते म्हणून गावोगावच्या मुलामुलींनी तो केला. ही मोठीच कामगिरी आहे. पण त्याचा भर राहिला तो सगळे सुरळीत असताना संगणक कसा वापरावा यावर. परीक्षेत यंत्र नेहमी चालू असते, इंटरनेट जोडलेले असते, तारीख बरोबर असते. एका तासासाठी यंत्र मुद्दाम बिघडवून द्यावे: प्रिंटरची वायर काढलेली, तारीख मागे नेलेली, फॉन्ट उडवलेला, डिस्क गच्च भरलेली. आणि गुण दुरुस्तीला न देता नोंदीला द्यावेत: काय दिसले, काय तपासले, काय वगळले, कोणत्या क्रमाने. आयटीआयमधल्या संगणक शाखांनाही हेच लागू. जी नोंद करता येते ती दुसऱ्याला फोनवर सांगता येते, आणि जिवतीच्या डोंगरावरून चंद्रपूरच्या कारागिराला फोनवर नीट सांगता येणे म्हणजे एक फेरी वाचणे.

राहिला प्रश्न सर्व्हरचा. तो खरोखरही बसतो, आणि सगळा दोष केंद्रचालकाच्या किंवा नागरिकाच्या यंत्रावर ढकलून सरकारला मोकळे करावे असा माझा हेतू नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी ओटीपी न येण्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. १८ नोव्हेंबर २०२५ची मुदत वाढवून ३१ डिसेंबर करावी लागली. अशा वेळी गावातल्या यंत्राची तारीख तपासून काहीही होणार नव्हते. म्हणूनच दोन्हींतला फरक लिहून ठेवण्याची गरज आहे. सेवा केंद्राने माणसाला परत पाठवताना एक चिठ्ठी द्यावी: वेळ काय, पडद्यावर कोणता संदेश किंवा त्रुटी क्रमांक होता, दुसरे संकेतस्थळ उघडत होते का. तीन ओळी. या चिठ्ठ्यांच्या प्रती आठवड्याला तहसील कार्यालयात जमा झाल्या तर सकाळी अकराला कोरपन्यात काम बंद असताना गडचांदुरात आणि जिवतीत ते चालू होते की नाही, हे कोणालाही दिसेल. चालू असेल तर त्या केंद्राला नव्या बॅटरीची किंवा तंत्रज्ञाच्या एका फेरीची गरज आहे. तिन्ही ठिकाणी बंद असेल तर सर्व्हर खरेच डाऊन होता, आणि ज्याच्या हातात ती चिठ्ठी आहे त्याचा अर्ज मुदत संपल्याचे कारण देऊन नाकारता येणार नाही, असा आदेश निघायला हवा.